एक क्लिक, एक तेजोमेघ आणि बाकीची कटकट

परवा आमच्या हौशी आकाशवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पोराने फोटो टाकला. पोरगा आमच्याच संभाजीनगरचा, चिकलठाण्याला पहिलीच नोकरी. फोटो मृगातल्या तेजोमेघाचा, सिडकोतल्या घराच्या गच्चीवरून काढलेला. ट्रायपॉड, सेकंडहँड टेलिफोटो लेन्स आणि दोन सेकंदांचं एकच एक्स्पोजर. मधोमध गुलाबी-जांभळा धूर, त्याला दोन्हीकडे पंख फुटल्यासारखे. खाली त्याने लिहिलं होतं, "पहिल्यांदाच दिसला!!"

पहिला रिप्लाय: "किती फ्रेम्स?"
दुसरा: "ट्रॅकर कुठला?"
तिसरा: "सिंगल शॉट आहे होय, मग नॉइज असणारच. आधी स्टॅकिंग शीक."

अर्ध्या तासात पोराने फोटो डिलीट केला.

च्यायला, डोकंच फिरलं. म्हणून या शनिवारचा लेख त्या तिघांसाठी (आणि थोडा माझ्यासाठीही, कारण तीन वर्षांपूर्वी त्या तिघांतला एक मी असतो).

माझं म्हणणं सरळ आहे. एका एक्स्पोजरमध्ये काढलेला तेजोमेघाचा फोटो हा अर्धवट फोटो नाही. तो पूर्ण फोटो आहे, आणि या छंदाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आता जरा हिशोब करू. आपण इंजिनिअर लोक, हिशोबाशिवाय कुणाचं ऐकत नाही.

माझ्याकडे जुनी १३५ एमएम, एफ/२.८ ची मॅन्युअल लेन्स आहे. रिळाच्या कॅमेऱ्यांच्या जमान्यातली, आटे फिरवून बसवायची. त्या आट्यांच्या माउंटचं नाव एम ४२, आणि मेसिएच्या यादीत मृगाच्या तेजोमेघाचा नंबरही एम ४२. निव्वळ योगायोग, पण मला दर वेळी हसू येतं :) तर १३५ भागिले २.८ म्हणजे साधारण ४८ मिलिमीटरचं तोंड. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे लेन्स डोळ्याच्या जवळजवळ ४७ पट प्रकाश गोळा करते, आणि सेन्सर तो दोन सेकंद साठवत बसतो. डोळ्याला ते जमत नाही. कॅमेऱ्यासोबत फुकट येणारी १८-५५ ची लेन्स ५५ ला एफ/५.६ वर असते, तिच्या चौपट प्रकाश एफ/२.८ वर प्रत्येक पिक्सेलला मिळतो. एफ/२ ची लेन्स असेल तर आठपट. मोठ्या तोंडाच्या टेलिफोटोची जादू म्हणतात ती एवढीच.

दुसरी बाजू पृथ्वीच्या फिरण्याची. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. दोन सेकंदांत ३०. माझ्या कॅमेऱ्यावर ते चार-पाच पिक्सेल होतात, म्हणजे शंभर टक्के झूम केलं तर तारे किंचित लांबट दिसतात. पण शंभर टक्के झूम करून फोटो बघतं कोण? ते तीन रिप्लायवाले.

कृती म्हणाल तर चार ओळींची. जानेवारीत रात्री दहा-साडेदहाला मृग दक्षिणेला चांगला ६५ अंशांवर असतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध दहापट मोठा करून त्याचा ठिपका सगळ्यात बारीक होईपर्यंत फोकस करायचा (लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, पस्तावाल). आयएसओ ३२००, शटर दोन सेकंद, फाइल रॉ, आणि बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून सेल्फ टायमर. झालं. मृगाच्या पोटातला बाण आणि त्याच्या खालचा तेजोमेघ एकाच फ्रेममध्ये मावतात.

यात सगळं येतं का? नाही. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. त्यामुळे घोड्याच्या डोक्यासारखा तो प्रसिद्ध काळा तेजोमेघ एका फ्रेममध्ये शोधत बसू नका. पण मृगाचा येतो. उन्हाळ्यात धनू राशीतला लगून, म्हणजे एम ८, येतो.

आणि आपल्याला एक बोनस आहे, जो इंटरनेटवरच्या युरोपातल्या गुरुजींना नाही. आपण २० अक्षांशांवर राहतो. एम ८ आपल्याकडे ४६ अंश वर चढतो, लंडनमध्ये जेमतेम १४. मार्चअखेरीला रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास इटा कॅरिनीचा तेजोमेघ आपल्या दक्षिण क्षितिजावर दहा अंश वर असतो. लंडनवाल्यांना तो घरून आयुष्यात दिसणार नाही. त्यांचे ट्यूटोरियल बघून आपण ट्रॅकरची किंमत शोधतो आणि आपल्याच गच्चीच्या दक्षिणेला काय आहे ते बघत नाही.

आता इतिहास. तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला न्यूयॉर्कजवळ काढला. तेजोमेघ हाच, मृगातला. ११ इंची दुर्बीण, ५१ मिनिटांचं एक्स्पोजर. किती फ्रेम्स? एक! काचेची एक प्लेट. त्यात फक्त उजळ भाग आला होता. कुणी त्याला "आधी स्टॅकिंग शीक" म्हटलं नाही.

आणि लांब कशाला, पुण्यातच बघा. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांनी २० इंची दुर्बिणीला वर्णपटमापक लावून मृगाच्या याच तेजोमेघाची हिरवी रेषा तपासली. तेव्हा नॉर्मन लॉकयर, म्हणजे हेलियमवाले मोठे नाव, म्हणत होते की ही रेषा मॅग्नेशियमची आहे. नायगमवालांनी १८९१ मध्ये छापलं की रेषा रेखीव आहे, मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी पसरट नाही. पुढे १९२७ मध्ये बोवेनने दाखवलं की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. मॅग्नेशियमचा काही संबंध नाही. पुण्यातल्या माणसाकडे लंडनइतकी साधनं नव्हती, पण जे समोर दिसलं ते त्याने नीट बघितलं आणि तसंच लिहिलं. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. असो.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. ते चुकीचं नाही, म्हणून प्रामाणिकपणे मांडतो. शंभर फ्रेम्स एकावर एक ठेवल्या की नॉइजच्या तुलनेत सिग्नल दहापट सुधारतो. हे गणित आहे, त्याच्याशी भांडण नाही. मी स्वतः स्टॅकिंग करतो. माझं भांडण आहे ते त्याला प्रवेश फी बनवण्याशी. फोकस चुकलेल्या शंभर फ्रेम्स रचल्या तर दहापट स्वच्छ चुकलेला फोटो मिळतो. कचरा आत, कचरा बाहेर, हे आपल्याला ऑफिसात कळतं आणि गच्चीवर कळत नाही? एक फ्रेम नीट काढायला शिकणं हाच पाया. जो कोड अजून एकदाही चाललेला नाही, तो ऑप्टिमाइझ करत बसणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आणि एक फ्रेम खोटं बोलत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये एका फोनच्या चंद्रावरून गदारोळ झाला होता, आठवतं? एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्र स्क्रीनवर लावून त्या फोनने टिपला, तर फोनने नसलेले तपशील स्वतःच भरले. फोटो सुंदर, पण चंद्र कुणाचा? दोन सेकंदांच्या रॉ फाइलमध्ये नॉइज असतो, लांबट तारे असतात, जुन्या लेन्सची जांभळी किनार असते. पण जे आहे ते त्या रात्री, त्या गच्चीवर आलेलं आहे. तो प्रकाश तिथून निघाला साधारण १,३४० वर्षांपूर्वी. तेव्हा वेरूळला कैलास लेण्याचा पहिला घाव पडायचा होता. एवढ्या प्रवासानंतर तो एका पोराच्या सेन्सरवर उतरला आणि आपण विचारतो, "किती फ्रेम्स?"

खरी कमतरता ट्रॅकरची नाहीच. कमतरता अंधाराची आहे. हीच दोन सेकंदं सिडकोच्या गच्चीवर आणि म्हैसमाळच्या टेकडीवर देऊन बघा. चाळीसेक किलोमीटरचा फरक, पण म्हैसमाळला पंख लांबवर पसरलेले दिसतात आणि सिडकोत ते आकाशाच्या राखाडी-पिवळ्या उजेडात बुडतात. बाइकच्या किमतीचं सामान घेतलं तरी शेजाऱ्याचा वर तोंड करून जळणारा हॅलोजन तसाच राहतो. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. चांगलं झालं. पण तारे बघायला दर वेळी नागपूरच्या पलीकडे जायचं का? दिव्यांना टोपी घाला, उजेड जमिनीवर पाडा, एवढंच करायचंय. आणि हे मागणार कोण? ज्यांना वर काहीतरी आहे हे दिसलंय तेच. ज्या पोराने फोटो डिलीट केला, त्याच्यासारखी शंभर पोरं या शहरात हवीत. आपण त्यातला एक त्या रात्री कमी करत होतो.

तेव्हा मंडळी, कपाटात कॅमेरा असेल तर काढा. कुणाकडे तरी जुनी १३५ पडून असेल, मागून आणा. एक फ्रेम काढा, आणि डिलीट करू नका.

ता.क. त्या पोराला मी वेगळा फोन केला. फोटो लॅपटॉपवर होता अजून. रविवारी त्याने तो परत टाकला, खाली एकच ओळ: "फ्रेम्स: १". या वेळी कुणी काही बोललं नाही. फक्त एका काकांनी विचारलं, "बाळा, गच्चीवर कुठल्या बाजूला बघायचं?"