सोळा टन कोळसा आणि एक जाहिरात

मर्ल ट्रॅव्हिसने १९४६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'सिक्स्टीन टन्स' ह्या गाण्यातला 'मी' कोळसा-खाणकामगार आहे. ट्रॅव्हिस स्वतः केंटकीतल्या एका खाणकामगाराचा मुलगा. अमेरिकेतल्या अनेक कोळसा-वस्त्यांत एके काळी मजुरी कंपनीच्या टोकनांत मिळे आणि ती टोकने कंपनीच्याच दुकानात चालत. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, भावही कंपनी ठरवील ते. माणूस राबत राही आणि कर्जात रुतत जाई. मुकादमाची उचल फिटण्याआधीच पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागणाऱ्या आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला हा हिशेब परका वाटू नये.

ह्या गाण्यात घोषणा नाही, संपाची हाक नाही. मग ते निषेधाचे गाणे कसे? आमच्या मते, ते निषेधाचेच आहे. देहाची मोजदाद टनांत होऊ लागली की माणूसपण किती उरते, हे त्यात कामगार स्वतः सांगतो, तेही दयायाचना न करता, कडवट विनोदाने.

१९५५ साली टेनेसी एर्नी फोर्डच्या आवाजात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. २००५ साली जनरल इलेक्ट्रिकने फोर्डचे हेच गाणे कोळशाच्या जाहिरातीत वापरले. पडद्यावर खाणकामगार म्हणून देखणे मॉडेल होते! पैशाने गाणेही गिळले, असे म्हणून हळहळणे सोपे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. ती जाहिरात विसंगत ठरली ती गाण्याच्या शब्दांमुळेच. विकत घेतल्यावरही त्यांनी आपली साक्ष फिरवली नाही.