तारीख काय ते सरळ सांगा

माणसाला पगार विचारू नये, अशी आपल्याकडे जुनी शिकवण आहे. हल्लीच्या काळात तिच्यात एक भर घालायला हरकत नाही: मोबाइलला तारीख विचारू नये. पगार विचारला तर माणूस निदान खोटं तरी सांगतो. मोबाइल खोटं सांगत नाही आणि खरंही सांगत नाही. तो नुसतं ०६/०७/२५ असं म्हणतो आणि गप्प बसतो. आता ही सहा जुलै की सात जून, हे ओळखायला तुम्ही मोकळे!

यावर शहरातला वाचक म्हणेल, ‘एवढं काय बिघडलं? महिनाभर इकडं किंवा तिकडं.’ त्याला मी पिंपळगाव रेणुकाईला यायचं आग्रहाचं आमंत्रण देतो. भोकरदन तालुक्यातलं हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. उन्हाळ्यात लावलेली मिरची जूनपासून तोडणीला येते. म्हणजे सात जून ही तारीखही मिरचीची आणि सहा जुलै हीसुद्धा मिरचीचीच. भाव मात्र दोन्ही दिवशी एकच असेल, असं ब्रह्मदेवसुद्धा सांगणार नाही. ज्या मालाचा भाव दुपारी एक आणि दिवेलागणीला दुसरा असतो, त्याच्या पट्टीवर महिनाभराचा घोळ म्हणजे काय, हे पोतं भरून आणलेल्या माणसाला विचारा.

या घोळाचं मूळ साता समुद्रापलीकडं आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. आपण दिवस आधी लिहितो. चीन आणि जपानमध्ये वर्ष सगळ्यांच्या पुढं. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या घरी ठीक आहे. पण सॉफ्टवेअर तयार होतं तेव्हा त्याच्या पोटात बहुतेक वेळा अमेरिकेची रीत आधीच बसवलेली असते, आणि ती बदलायचा कंटाळा मात्र अस्सल देशी असतो. तेरा तारखेपासून पुढं महिना आपोआप ओळखता येतो, कारण तेरावा महिना अजून कुणी काढलेला नाही. (आपला अधिकमास सोडून. पण तो बिचारा सांगून येतो.) अडचण पहिल्या बारा तारखांची. त्यातून एक एक, दोन दोन अशा जोडतारखा वगळल्या, तरी वर्षातले १३२ दिवस संशयित राहतात. वर्षाचा तिसरा हिस्सा संशयाच्या पिंजऱ्यात!

माझा एक पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. त्याच्यापुढं मी हे गाऱ्हाणं मांडलं. तो म्हणाला, “काका, म्हणून तर आम्ही तारीखच काढून टाकली. आता ‘३ दिवसांपूर्वी’ असं दाखवतो. लोकांना जवळचं वाटतं.”

म्हणजे जावयाला पंगतीत जागा पुरेना, तर मुलीचं लग्नच मोडलं!

“बाबा रे,” मी म्हटलं, “२०१६ साली पंतप्रधान पीक विमा योजना आली. त्यात गारपिटीसारखं संकट आलं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, अशी अट पुढं घातली गेली. आता शेतकऱ्यानं सोमवारी दुपारी चारला फोटो काढला. गुरुवारी तुझं यंत्र सांगणार, ‘३ दिवसांपूर्वी’. हे ७१ तास झाले की ७९? एकात पैसे आहेत, दुसऱ्यात नुसतं पीक गेलेलं आहे.”

“पण काका, आत खरी वेळ सेकंदापर्यंत साठवलेली असते.”

हेच तर माझं म्हणणं आहे! यंत्राला सगळं ठाऊक असतं. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले, याचा हिशेब बहुतेक यंत्रं पोटात सांभाळून असतात. एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्या मुनीमानं, मालकानं विचारल्यावर “झाले असतील दोन-तीन दिवस” असं म्हणावं, तर आपण त्याला दुसऱ्या दिवशी पेढीवर ठेवू का? गप्पाटप्पांना ‘आत्ताच’, ‘मघाशी’ चालतं. मेव्हण्यानं फुलाचं चित्र कधी पाठवलं, यावर कुणाचं पोट अवलंबून नाही. पण जिथं पैसा, पीक, औषध किंवा कोर्ट आहे, तिथं ‘मघाशी’ चालत नाही.

दुसरा अवतार ग्रिनिचचा. यंत्रं आपापसात ग्रिनिचच्या धर्तीवरची वेळ बोलतात. बोलोत बापडी! आपलं घड्याळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढं आहे. दाखवताना ते साडेपाच तास मिळवायचे असतात, आणि नेमकं तेवढंच कुणीतरी विसरतं. मग १ ऑगस्टला पहाटे पाचला उठून नोंद करणाऱ्या माणसाची नोंद ३१ जुलैच्या रात्री साडेअकराला पडते. लवकर उठे त्याला आरोग्य, संपत्ती वगैरे लाभते असं ऐकलं होतं. त्याला आदला दिवस लाभतो, हे नवीनच.

तिसरा अवतार बाराचा. ‘मुदत: ३१ जुलै, १२:०० एएम.’ हे वाचून दहापैकी नऊ माणसं ३१ तारखेच्या दिवसभर निश्चिंत असतात. प्रत्यक्षात ३० तारखेची रात्र संपली त्याच क्षणी मुदतही संपलेली असते. आपला दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो, यांचा सगळे झोपल्यावर. रात्री बारा वाजून दहा मिनिटांच्या रेल्वेचं तिकीट काढून दुसऱ्या दिवशी रात्री फलाटावर उभी राहणारी मंडळी प्रत्येक घराण्यात निदान एक तरी असतात. तरी रेल्वे बिचारी चोवीस तासांचं घड्याळ वापरून शून्य वाजून दहा मिनिटं असं स्पष्ट लिहिते. काही वर्तमानपत्रं तर ‘शनिवारी मध्यरात्री’ एवढ्यावर न थांबता ‘शनिवार आणि रविवारच्या मधल्या रात्री’ असं लिहितात. चार शब्द जास्त गेले, पण भांडण वाचलं.

कुणी म्हणेल, आम्हां खेडुतांना एवढ्या कालगणना झेपायच्या नाहीत. अहो, आमच्या आजोबांना विचारा! मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागदावर फसली सन, देवघरातल्या पंचांगात शालिवाहन शक, आणि पोस्टाच्या शिक्क्यावर इंग्रजी तारीख. १९५७ साली सरकारनं राष्ट्रीय दिनदर्शिका आणली, तीही शकाचीच, पण तिचा चैत्र पंचांगाच्या चैत्राहून वेगळा. तिकडं मुंबईत १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी शहराची स्वतःची ‘मुंबई वेळ’ पुढं जवळजवळ पन्नास वर्षं ३९ मिनिटं मागून चालत होती. एवढा पसारा असूनही जुना कागद आज वाचता येतो. का? तर प्रत्येकानं आपलं नाव सांगितलं होतं. फसली असेल तर ‘फसली’ लिहायचे, शके असेल तर ‘शके’. मितीत महिना अक्षरात, पक्षही अक्षरात: चैत्र वद्य पंचमी. शुद्ध की वद्य, हे ‘ओळखा पाहू’ म्हणून कुणी सोडलं नाही. घोळ अनेक कालगणनांनी होत नाही. घोळ होतो तो आपली कालगणना कोणती हे लपवल्यानं.

तेव्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या समस्त पुतण्यांना आणि भाच्यांना माझं सांगणं एवढंच. महिना अक्षरात लिहा: ६ जुलै २०२५. वर्ष चारही आकड्यांचं लिहा. ‘एएम’ ‘पीएम’च्या जागी पहाटे, सकाळी, दुपारी, रात्री लिहा. हे शब्द मराठीनं हजार वेळा वापरून गुळगुळीत केलेले आहेत, ते फुकट मिळतात. मुदत असेल तर ‘३१ जुलैच्या रात्री ११:५९ पर्यंत’ असं लिहा. ‘३ दिवसांपूर्वी’ लिहायची फारच हौस असेल, तर खाली खरी तारीखही लिहा. पडद्यावर जागा पुरत नाही, ही सबब ऐकवू नका. त्याच पडद्यावर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात ऐसपैस मांडी घालून बसलेली आम्ही रोज पाहतो.

पुतण्या जाता जाता म्हणाला, “काका, तुम्हाला एक गंमत सांगू? जुन्या पद्धतीच्या यंत्रांची सेकंदांची मोजदाद १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपणार आहे. आम्ही आत्तापासून तयारीला लागलोय.”

धन्य आहे! २०३८ सालातला सेकंद ज्यांना आज तोंडपाठ आहे, त्यांना मिरची जूनमध्ये विकली की जुलैमध्ये, एवढं पट्टीवर लिहायला काय होतं?