मुलीला मैदानावर ओरडू द्या

मरोळमधल्या आईबाबांनो, आजीआजोबांनो, एक विनंती आहे. मुलगी सातवी-आठवीत गेली म्हणून तिचं खेळणं बंद करू नका.

वाईट हेतूनं कुणीच बंद करत नाही, हे मला ठाऊक आहे. क्लासची वेळ असते. थंडीत अंधार लवकर पडतो. मरोळ नाक्यावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पाळी सुरू झालेली असते. मग एक दिवस आपण 'आता पुरे' म्हणतो. तीही फार हट्ट करत नाही. हट्ट केला नाही, म्हणजे तिला खेळ नकोच होता, असं समजू नका.

मुलींचा फुटबॉल कडेला उभं राहून कधी पाहिलात का? नवी मुलगी गप्प खेळते. चेंडू उंच येतो, दोघी एकदमच धावतात आणि एकमेकींवर आदळतात. कपाळाला टेंगूळ येतं. शिकवणाऱ्या ताई सांगतात, 'चेंडू तुझा असेल तर ओरड.' पुढच्या वेळी ती नुसतं पुटपुटते. महिना-दीड महिन्यानं कधीतरी पार पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज निघतो, 'सोड, माझा!' आणि बाकीच्या मुली खरंच बाजूला होतात.

घरी आपण तिला 'हळू बोल' म्हणतो. मैदानावर हळू बोललं तर लागतं. मैदानावरचा तो मोठा आवाज तिला पुढे लागणार आहे. डॉक्टरांना नेमकं कुठे दुखतंय ते सांगायला. कामावर नको ते अंगावर टाकलं, तर नाही म्हणायला. भरल्या बसमध्ये कुणी मुद्दाम धक्का दिला, तर दहा जणांना ऐकू जाईल असं बोलायला.

गोव्याच्या मारिया रिबेलो पाहा. भारताच्या महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. खेळणं थांबलं तरी त्यांनी मैदान सोडलं नाही. हाती शिट्टी घेतली आणि पुरुषांच्या आय-लीग या फुटबॉल स्पर्धेत पंच झाल्या. असं करणाऱ्या त्या देशातल्या पहिल्याच. निर्णय पटला नाही की पंचांभोवती खेळाडू कसा गराडा घालतात, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. तिथे ठाम उभं राहायला आवाज लहानपणापासूनच मोकळा असावा लागतो. अंजू तुरंबेकरही मैदानावरच राहिल्या. त्या कोल्हापूरकडच्या, गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या. महाराष्ट्राकडून खेळल्या, मग आशियाई फुटबॉल संघटनेचं 'ए' दर्जाचं प्रशिक्षक प्रमाणपत्र त्यांनी मिळवलं.

अमेरिकेच्या अ‍ॅबी वॉमबाक यांनी देशासाठी 184 गोल केले. तरी 2015 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा त्या बाकावर होत्या. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात पदवी घेणाऱ्या मुलींना त्यांनी सांगितलं, की बाकावरूनही पुढारपण करता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या मुलीला खेळवलं नाही की आपण लगेच सरांना फोन लावतो. तसं करू नका. तिला बाकावर बसू दे. 'मागून येतेय, बघ!' असं तिथून ओरडणंही तिनं शिकायला हवं.

मैदान ठरवण्याआधी मात्र स्वतः जाऊन या. कडी लागणारं स्वच्छ शौचालय आहे का? सरावाला एखादी बाई हजर असते का? संकोच न करता विचारा. चाळीतल्या, सोसायटीतल्या तीन-चार घरांनी ने-आण करायचे वार वाटून घ्या. तिच्या पिशवीत पॅड आणि जादा कपडे ठेवा. पाळीत खेळायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.

कुणाचं वागणं खटकलं असं तिनं सांगितलं, तर आधी पूर्ण ऐका. 'तूच काहीतरी केलं असशील' हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. आणि घाबरून तिचा खेळ बंद करू नका. त्या माणसाला दूर करा, गरज पडली तर मैदान बदला. खेळच बंद केलात, तर शिक्षा तिला होते. मग पुढच्या वेळी ती तुम्हाला काहीच सांगणार नाही.

सोसायटीत चेंडू खेळायला मनाई असेल, तर सेक्रेटरींकडे तुम्ही जाऊ नका. मुलींनाच अर्ज लिहू द्या. संध्याकाळचा एक तास त्यांनाच मागू द्या. तुम्ही मागे उभे राहा.

आणि एका रविवारी मरोळ नाक्यावरून मेट्रोनं निघा. पाचवं स्टेशन आझादनगर. तिथून जवळच शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. ते बाहेरून तरी तिला दाखवा. 2022 च्या जानेवारीत महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेत ऑस्ट्रेलियानं इथे इंडोनेशियाला 18-0 असं हरवलं. त्यांची कर्णधार सॅम कर हिनं एकटीनं पाच गोल केले. हे सांगा, आणि मग विचारा, 'अठरा गोल खाणाऱ्या संघाची कर्णधार तू असतीस, तर मध्यंतरात मुलींना काय सांगितलं असतंस?'

परतीच्या गाडीत ती बोलायला लागेल. तिचं पूर्ण होईपर्यंत मधे काही बोलू नका.