पोटाचे शास्त्र कुणाचे?

अल्लीपूरच्या विहारात एका तरुणाने विचारले, "वकीलसाहेब, अंतराळातल्या जंतूंशी आपले काय देणेघेणे?" आहे, पोटाचे!

२००० साली अमेरिकेत शेरिल निकरसन व सहकाऱ्यांनी साल्मोनेला हा जंतू द्रवाने भरलेल्या फिरत्या भांड्यात वाढविला. त्यात जंतू तळाशी बसत नाही, तरंगत राहतो. वजनरहित अवस्थेची ही जमिनीवरची नक्कल. तो जंतू तोंडावाटे दिलेले उंदीर नेहमीपेक्षा लवकर मेले. २००६ साली अटलांटिस यानातून परतलेला जंतूही असाच जहाल निघाला. आतड्याच्या सूक्ष्म लवीतही द्रव असाच संथ असतो. म्हणजे हा प्रयोग दूषित अन्नपाण्याने हगवण लागलेल्या आपल्या लेकराबद्दलही बोलतो.

'हे उच्चभ्रूंचे खूळ' म्हणून तोंड फिरवायचे? ज्ञानाचे दार शतकानुशतके दुसऱ्यांनी लावले. आता आपणच कडी घालायची? घटनेच्या कलम ५१ क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन कर्तव्य ठरविला, कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य राज्यावर सोपविले. मग हा धडा मराठी शाळेत का नको? गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर का नको?

माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. सही त्या तरुणाने करायची आहे.