ओस पडणाऱ्या मायानगरी

ऑक्टोबर २०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळाच्या वर्गणीदारांचा आकडा १ कोटी २० लाखांवर गेला. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या साधारण १ कोटी २४ लाख भरली. म्हणजे जवळजवळ मुंबईएवढे शहर या एका खेळात वस्तीला होते. पाच वर्षांनी, २०१५ साली, हा आकडा ५५ लाखांवर आला आणि त्यानंतर कंपनीने वर्गणीदारांचे आकडे जाहीर करणेच थांबवले. अर्ध्याहून अधिक शहर रिकामे झाले. पूर नाही, साथ नाही, दंगल नाही; लोक एकेक करून उठले आणि निघून गेले. ते का गेले, याचा शोध घेताना मनुष्यस्वभावाबद्दल जे हाती लागते, ते अशा खेळांशी काडीचाही संबंध नसलेल्यांनी जाणून घ्यावे असे आहे.

ज्यांच्या घरात असा खेळ शिरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. पत्ते किंवा बुद्धिबळ यांसारखा डाव मांडून मोडायचा हा प्रकार नव्हे. इंटरनेटच्या आधारे हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक प्रदेशात वावरतात. प्रत्येकाने एक सोंग घेतलेले असते. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी वैदू, तर कोणी नुसता लोहार. राक्षस मारायचे, मोहिमा पार पाडायच्या, आपल्या पात्राची ताकद पायरीपायरीने वाढवायची, असा क्रम. आपण संगणक बंद करून झोपलो तरी ती दुनिया चालूच राहते. महिन्याला सुमारे १५ डॉलर वर्गणी, हा या धंद्यात बराच काळ रूढ असलेला दर. मोठी मोहीम एकट्याच्या बळावर फत्ते होत नाही, म्हणून खेळाडू आपापले ‘गिल्ड’ काढतात. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळासारखीच ही संस्था. पदाधिकारी, रुसवेफुगवे आणि फाटाफूट यांच्यासकट.

लोक का सोडून जातात, याचे सोपे उत्तर ‘कंटाळा’. ते खोटे नाही. कारागिरांनी वर्षभर खपून उभी केलेली नवी भूमी हौशी खेळाडू काही आठवड्यांत पालथी घालतात आणि ‘आता पुढे काय?’ म्हणून विचारू लागतात. ‘ॲमेझॉन’सारख्या बलाढ्य कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ हा खेळ आणला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका वेळी ९ लाखांहून अधिक लोक त्यात उतरले. शेवटच्या पायरीवर पोचल्यावर करण्यासारखे फारसे काही नाही, हे लौकरच लक्षात आले. नोव्हेंबरात सोन्याच्या नाण्यांची नक्कल करण्याची चोरवाट सापडल्याने खेळातला व्यापारच काही काळ बंद ठेवावा लागला. वर्ष संपेपर्यंत गर्दीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग ओसरला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये, यापुढे खेळात नवी भर घालणार नाही, असे कंपनीने जाहीर केले.

त्याखेरीज खेळाडूंचे वयही वाढतेच. वीस वर्षांचा विद्यार्थी तिशी ओलांडतो, नोकरी लागते, लग्न होते, मूल होते. रात्र रात्र राक्षस मारायला सवड कुठून आणायची? हेही रास्त. पण कंटाळा आणि वय एवढ्यानेच सारे सांगून होत असते, तर मार्च १९९९ मध्ये सुरू झालेला ‘एव्हरक्वेस्ट’ पंचवीस वर्षे उलटल्यावरही चालू राहिला नसता. तेव्हा उत्तर आणखी खोल शोधायला हवे.

लुटारूंचे राज्य

या खेळांचा मूळपुरुष इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली जन्मला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी तो रचला. त्यात चित्रे नव्हती; सारा खेळ लिहिलेल्या शब्दांतून चाले. याच बार्टल यांनी १९९६ मध्ये एक लेख लिहून खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले. पहिला कमाई करणारा, दुसरा भटक्या, तिसरा गप्पिष्ट आणि चौथा इतरांना छळण्यात आनंद मानणारा. या चौघांचा तोल सांभाळणे हीच खेळ चालवणाऱ्याची कसोटी. छळणारे माजले की गप्पिष्ट आधी पळ काढतात, आणि ते गेले की बाकीच्यांनाही करमेनासे होते.

याचा पडताळा लगेच आला. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला. त्यात जंगले होती, जनावरे होती, बाजार होते; मात्र गावाच्या वेशीबाहेर पोलीसपाटील नव्हता. नवखा माणूस वेस ओलांडून बाहेर पडला, की दबा धरून बसलेले जुने खेळाडू त्याला ठार मारून अंगावरच्या कपड्यांसकट लुटत. अशा नवख्यांतले कितीतरी पुन्हा फिरकत नसत. अखेर २००० साली कंपनीने त्या जगाची एक हुबेहूब प्रत काढली. एका जगात जुना कायदा, तर दुसऱ्यात संमतीशिवाय कोणी कोणावर हात उगारायचा नाही. बहुसंख्य प्रजा दुसरीकडे राहायला गेली आणि लुटारूंना लुटायला कोणी उरेना. सुरक्षितता नसेल तर वस्ती टिकत नाही, हा पहिला धडा.

रातोरात फिरलेले नियम

दुसरा धडा ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’चा. जून २००३ मध्ये आलेल्या या खेळात तीसहून अधिक व्यवसाय होते. शिंपी, आचारी, वैद्य, वादक आणि नर्तकसुद्धा. लढून दमलेल्या शिपायाचा थकवा घालवायचा, तर त्याला खानावळीत जाऊन खेळाडूंनीच चालवलेल्या मैफलीपुढे बसावे लागे. त्यामुळे तलवार हाती न धरताही माणसाला त्या जगात मान होता. नोव्हेंबर २००५ मध्ये, खेळ अधिक सोपा आणि चटपटीत करण्याच्या नादात, कंपनीने ही सारी घडी मोडली आणि व्यवसाय नऊवर आणले. दोन-दोन वर्षे झिजून मिळवलेले कौशल्य एका सकाळी नाहीसे झाले. जुने लोक संतापून गेले, ज्यांच्यासाठी हे केले ते नवे लोक आलेच नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये खेळ कायमचा बंद पडला.

याच्या उलट गोष्ट ‘रुनस्केप’ची. नोव्हेंबर २०१२ मध्ये या ब्रिटिश खेळाने आपली लढाईची पद्धत अशीच मुळापासून बदलली आणि खेळाडू गळू लागले. कंपनीने मात्र वेळीच मतदान घेतले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये, जपून ठेवलेली २००७ सालची आवृत्ती वेगळी सुरू केली. तीत मोठी भर घालायची तर आधी खेळाडूंचा कौल घ्यायचा आणि ७५ टक्के पाठिंबा असेल तरच पुढे जायचे, असे ठरले. २०२२ पासून ही अट ७० टक्क्यांवर आली. आज या जुन्या आवृत्तीत मूळ खेळाहून अधिक गर्दी असते. आपल्या कष्टांची किंमत इथे कोणी परस्पर पुसून टाकणार नाही, एवढी हमी मिळाली की लोक थांबतात.

सोयीने केलेला घात

पण सर्वांत विचार करायला लावणारे कारण तिसरेच आहे. त्यात खलनायक कोणीच नाही. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये सुरुवातीला खरेदी-विक्रीची ठराविक जागा नव्हती. खेळाडूंनीच ‘ईस्ट कॉमनलँड्स’मधल्या एका बोगद्यात आपसूक बाजार भरवला. तिथे उभे राहून ओरडून माल विकायचा, घासाघीस करायची, वेळ जात नसेल तर नुसते हिंडायचे. पुढे कंपनीने एक स्वतंत्र बाजारपेठ बांधून दिली. तिथे आपले पात्र उभे करून ठेवले की माल आपोआप विकला जाई. सगळ्यांची सोय झाली, कोणाची तक्रार नव्हती. आणि बोगदा रिकामा झाला.

‘वॉरक्राफ्ट’मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. नोव्हेंबर २००४ मध्ये खेळ सुरू झाला तेव्हा मोठ्या स्वारीला ४० जण लागत. एवढी माणसे जमवायची म्हणजे ओळखी हव्यात, सबुरी हवी, कोणाचे परीक्षेचे दिवस तर कोणाची रात्रपाळी सांभाळून घ्यायला हवी. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या नव्या भागात ही संख्या २५ वर आली. चाळीस माणसे जमवण्याचा ताप वाचला खरा, पण जिथे चाळीसांचे मंडळ होते तिथे पंधरा जणांना ‘तुम्ही बाहेर बसा’ म्हणण्याची पाळी आली, आणि मंडळे फुटली. डिसेंबर २००९ मध्ये पुढची सोय झाली. एक बटण दाबले की यंत्रच पाच जणांचा चमू जुळवून देऊ लागले. तेही वेगवेगळ्या सर्व्हरांवरची, म्हणजे वेगवेगळ्या गावची माणसे. अर्ध्या तासात मोहीम उरकायची, लूट वाटून घ्यायची आणि एक अक्षर न बोलता पांगायचे. पुन्हा भेट होण्याची शक्यता नाही, तेव्हा नीट वागण्याचे कारण नाही आणि ओळख वाढवण्याचेही नाही.

या सोयीमुळेच खेळाडू गेले असे म्हणणे धाडसाचे होईल. ती आल्यावर जवळजवळ वर्षभर संख्या वाढतच होती. मोफत खेळ, मोबाईल, नवे प्रतिस्पर्धी ही कारणेही होती. परंतु अशा सोयींचा परिणाम वाळवीसारखा असतो, तो पहिल्या दिवशी दिसत नाही. ज्याची वाट पाहणारे चार जण आहेत तो माणूस कंटाळला तरी हजेरी लावतो. ज्याची कोणीच वाट पाहत नाही, त्याला फक्त खेळाच्या करमणुकीने धरून ठेवावे लागते, आणि करमणूक कधीतरी आटतेच. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने हा खेळ त्याच्या जुन्या, गैरसोयीच्या रूपात पुन्हा खुला केला, तेव्हा आत शिरण्यासाठी लोक तासन् तास रांगेत ताटकळले. अर्थात तीही गर्दी पुढे ओसरली. गैरसोय परत आणता येते, पंधरा वर्षांपूर्वीची माणसे परत आणता येत नाहीत.

चाळीतून ब्लॉकमध्ये राहायला गेलेल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको. नळ घरात आला ही चांगलीच गोष्ट झाली, पण सामाईक नळावरच्या भांडणांबरोबर ओळखीही गेल्या.

टिकलेली गावे

मग सोय नकोच म्हणायचे का? तसेही नाही. जपानचा ‘फायनल फँटसी १४’ सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि साफ आपटला. कंपनीने जाहीर माफी मागितली, नाओकी योशिदा यांच्या हाती सूत्रे दिली, नोव्हेंबर २०१२ मध्ये कथेतच आकाशातून संकट कोसळवून जुने जग बुडवले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवे उभारले. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे इतकी गर्दी झाली की खेळाची विक्रीच काही काळ थांबवावी लागली. या खेळातही चमू जुळवणारे यंत्र आहेच. पण त्याची योजना अशी, की मुरलेले खेळाडू जुन्या मोहिमांत नवख्यांबरोबर पाठवले जातात आणि चमूत कोणी पहिल्यांदाच आलेला असेल तर सर्वांना जादा बक्षीस मिळते. नवखा इथे अडचण न राहता पाहुणा होतो. शिवाय, नवे काही नसेल तेव्हा वर्गणी थांबवा, दुसरे खेळ खेळा आणि पुन्हा या, असे योशिदा स्वतःच सांगतात. दार उघडे ठेवणाऱ्याकडे माणूस परततो, हे व्यापाराचे जुने शहाणपण आहे.

आइसलंडचा ‘ईव्ह ऑनलाइन’ मे २००३ पासून चालू आहे. तिथे खेळाडूंनी निवडून दिलेले सल्लागार मंडळ कंपनीशी चर्चा करते. २०११ च्या उन्हाळ्यात कंपनीने पात्राच्या डोळ्यावर लावायची एक काच ६० डॉलरहून अधिक किमतीला विकायला काढली, तेव्हा खेळाडूंनी खेळातल्याच एका स्मारकाभोवती जहाजे जमवून निषेधाचा गोळीबार केला. त्याच वर्षी कंपनीच्या प्रमुखाने लेखी माफी मागितली. पुढे २०१४ मध्ये रेक्याविकच्या बंदरावर उभारलेल्या खऱ्याखुऱ्या स्मारकावर खेळाडूंची नावे कोरली गेली.

मालक दुसराच

इथे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात शंका येईल, की मुलाने असला खेळ सोडला तर बरेच झाले. त्यात गळा काढण्यासारखे काय? काही अंशी हे खरे आहे. खेळाच्या आहारी जाण्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये विकारांच्या यादीत स्थान दिले, ते उगीच नाही. झोप, अभ्यास आणि संसार यांवर उठलेला खेळ सुटलेलाच चांगला. पण सगळ्यांच्या बाबतीत सुटते ते व्यसनच असते, असे नाही.

नॉर्वेत स्नायू झिजत जाण्याच्या असाध्य आजाराने खुर्चीला खिळलेला एक तरुण २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. मुलाच्या वाट्याला मैत्री कधी आलीच नाही, याचे आईवडिलांना दुःख होते. त्यांनी त्याच्या निधनाची वार्ता इंटरनेटवर कळवली आणि देशोदेशींहून सांत्वनाची पत्रे येऊ लागली. ‘वॉरक्राफ्ट’मधल्या त्याच्या मंडळातले काही जण अंत्यविधीला येऊन उभे राहिले. आपला मुलगा अनेकांचा आधार होता, हे आईबापांना तेव्हा कळले. त्याची हकीकत २०२४ मध्ये माहितीपटातून जगापुढे आली.

असा शेजार ज्या जमिनीवर उभा राहतो तिचा मालक मात्र दुसराच असतो. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ बंद होणार असे २०१२ साली जाहीर झाले, तेव्हा खेळाडूंनी त्यातल्या नगरभवनापुढे मशाली घेऊन मोर्चा काढला. उपयोग झाला नाही; ३० नोव्हेंबरला ते शहर मावळले. हट्टी चाहत्यांनी ते खटपट करून पुन्हा चालवले आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला. एवढे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

नवे राक्षस, नवे डोंगर, नवी शस्त्रे पैसा ओतून बनवता येतात. ‘काल आला नाहीस, बरा आहेस ना?’ असे विचारणारे माणूस कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ते विचारणारे कोणी उरले नाही, की शहर कितीही देखणे असो, त्याचे दिवे मालकाने मालवण्याआधीच मालवू लागलेले असतात.