आहेराची वही

तुळशीचं लग्न लागलं की विंचूरच्या आसपास दोन कामं एकदम निघतात. चाळीत उरलासुरला उन्हाळ कांदा काढायचा आणि घरातल्या लग्नाची तारीख धरायची. पहिल्या कामात आपला शेतकरी फार कठोर असतो. चाळ फोडली की काजळी धरलेला, कोंब आलेला, सडका कांदा हाताला लागल्याबरोबर बाजूला पडतो. इतके महिने जपला म्हणून त्याची कोणी गय करत नाही. निवडलेला माल ट्रॅक्टरमध्ये भरून विंचूरच्या उपबाजारात जातो, भाव पटो न पटो.

लग्नघरात मात्र याच माणसांच्या हातून काही सुटत नाही.

कुठल्याही घरातलं लोखंडी कपाट उघडून पाहा. खालच्या दोन खणांत आहेराच्या साड्या, घडीही न मोडलेल्या. त्यांच्यावर ब्लाउजपीसचा ढीग, मग टॉवेल-टोप्या. हे कोणाला नेसायचं-घालायचं नसतं, पुढच्या लग्नात पुढे सरकवायचं असतं. कोणाची साडी कोणाला द्यायची, चुकून जिची तिलाच परत जायची नाही ना, हा सगळा हिशेब घरातल्या बाईच्या डोक्यात. पुरुषांना त्या खणांत काय आहे हेसुद्धा माहीत नसतं.

मोबाइलवर हल्ली मिनिमलिझमचे सल्ले येतात: वर्षभर वापरली नाही ती वस्तू काढून टाका. स्वतःच्या हौसेनं खरेदी करणाऱ्याला तो सल्ला लागू पडेल. आपल्याकडे अर्धं कपाट विकत घेतलेलंच नसतं, ते नात्यानं आलेलं असतं. एकट्या सुनेनं ते रिकामं करायचं ठरवलं तरी पुढची लग्नसराई ते पुन्हा भरून टाकते.

आणि कपाटापेक्षा जड असते ती वही. मांडवात एका कोपऱ्यात बसून कोणीतरी लिहितो: नाव, गाव, रोख ५०१, साडी, टॉवेल-टोपी. लग्न उरकलं की वही ट्रंकेत जाते आणि पाहुण्यांकडे कार्य निघालं की बाहेर येते. त्यांनी आपल्याला काय केलं होतं, ते बघून आपण काय करायचं ते ठरतं. ज्याचं नावच सापडत नाही, त्याचा राग दोन पिढ्या पुरतो. बांधावरून बोलणं सुटलेले चुलतभाऊ तालुक्यात कमी नाहीत. त्यांच्या भांडणात थोडं खोदलं की खाली एखादी न नेसवलेली साडी निघते.

या वहीला एक चांगली बाजू आहे आणि ती मला मनापासून मान्य आहे. लग्नघराचा खर्च एकट्यावर पडू नये म्हणून भावकीनं हात लावायचा, ही माणुसकीची रीत आहे. कांद्याच्या भावावर संसार चालणाऱ्या मुलखात तिची गरज जास्तच. २०२३च्या डिसेंबरात कांद्यावर निर्यातबंदी आली आणि ज्यांच्या घरी त्या हंगामात लग्न होतं, त्यांना पाकिटातल्या नोटांचा आधार नक्कीच वाटला असेल. म्हणून रोख मदत राहू द्या. जायला हवी ती कापडाची फिरती रास, आणि मदतीची नोंद ठेवून पुढे वर्षानुवर्षं धरलेला डूख.

तुकोबांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतं वाटून अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. भावाच्या हिश्शाला हात लावला नाही, सोडलं ते स्वतःचं येणं. दर एकादशीला त्यांचं नाव घेणाऱ्या आपल्या घरांत आहेराची वही मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपलेली असते.

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापण्याची पद्धत आहेच, पण पाळतं कोण? एका घरानं छापून भागत नाही. भावकीनं बसून ठरवावं आणि ठरवायला बायकांना पुढे बसवावं, कारण ओझं त्यांनीच वाहिलं आहे.

राहता राहिली दशक्रियेला वाटलेली स्टीलची भांडी. तळाशी ‘कै.’ लावून गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं, त्यामुळे मोडीत घालायला हात धजत नाही. मग ताटं, डबे माळ्यावर चढतात. गावात सप्ताह बसला की पंगतीला भांडी लागतात आणि ती अनेकदा भाड्यानं आणावी लागतात. माळ्यावरची उतरवून मंदिरात द्यावीत. नाव पुसायची काही गरज नाही. पंगतीत बसलेला कोणीतरी ते वाचेल आणि शेजारच्याला विचारेल, हे कोण होते म्हणून.