पंख्याखालची जागा तिची



वस्तीतल्या एका ताईने टॅमॉक्सिफेनची गोळी कुणाला न सांगता तीन महिने बंद ठेवली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो सगळं धीराने सोसलेली बाई. म्हणाली, "अंगातून वाफा निघतात, रात्री लुगडं भिजतं. घरात सांगितलं तर म्हणतात, शेवगावचा उन्हाळा आहे, सगळ्यांनाच होतंय."

हा त्रास उन्हाळ्याचा नाही. स्तनाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढतात. टॅमॉक्सिफेन त्याचा परिणाम अडवते, लेट्रोझोल ते शरीरात बनणंच कमी करते. म्हणून पाळी जाताना येतात तशा वाफा येतात. गोळी साधारण ५ वर्षं, काहींना १० वर्षंही घ्यावी लागते. मध्येच सोडली तर कॅन्सर उलटण्याचा धोका वाढतो.

माझं म्हणणं एवढंच, की हा त्रास तिने एकटीने का सोसायचा? पत्र्याच्या घरात रात्री पंख्याखालची जागा तिला द्या. उशाशी पाण्याचा तांब्या आणि ओला पंचा ठेवा. दुपारच्या भाकरी मुलाने, नवऱ्याने थापल्या तर काही बिघडत नाही. कपडे सुती, सैल असावेत. कडक चहा, तिखट किंवा मिश्रीनंतर वाफ येते का, तिने पाहावं आणि ते कमी करावं. मिश्री तर सोडलेलीच बरी.

तरी झोप येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी औषधं ते देऊ शकतात. मनाने काही घेऊ नका. पॅरॉक्सेटिनसारख्या गोळीने टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होऊ शकतो, म्हणून चालू औषधांचे कागद दाखवा. हार्मोनच्या गोळ्या, शतावरी, सोयाच्या पावडरी विचारल्याशिवाय नकोत.

केमो चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर ती वाफ समजू नका, लगेच दवाखाना गाठा. टॅमॉक्सिफेनवर असताना अंगावरून रक्त गेलं, एक पाय सुजून दुखला, दम लागला, तरीही थांबू नका.

फुले योजनेतून ऑपरेशन होतं, केमो होते. पंख्याखालची जागा मात्र घरानेच द्यायची असते. पुढच्या तपासणीला नगरला किंवा पैठणमार्गे संभाजीनगरला जाताना तिच्यासोबत जा. ती लाजली, तर तुम्ही सांगा.